रविवारचं रनिंग

तुम्ही ती बस बंद केलीत.

आधी टेकडीपलीकडे नवी इमारत बांधलीत. ज्यांची डोकी ताळ्यावर नाहीत अशी माणसं शहरातल्या जुन्या दवाखान्यातून उचललीत आणि तिकडे नेऊन ठेवलीत. तिकडची हवा चांगली आहे, म्हणालात. असणारच. तिथं कुणी फिरकत नाही. मग रोजची बस फक्त रविवारी सोडायला लागलात, आणि एक दिवस थांब्यावर कागद चिकटवलात: प्रवासी मिळत नसल्यामुळे फेरी बंद. खाली सही, तीही कुणाला वाचता येणार नाही अशी.

बस बंद केलीत ते केलीत, पण त्याबरोबर आमच्या घराला एक निमित्त दिलंत. कसलं निमित्त, ते आम्ही गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी भर शोरूममध्ये उघडं पडलं.

"रोजचं रनिंग किती?" शोरूममधल्या टायवाल्यानं विचारलं. टाय इतका आवळलेला होता की दर वाक्यानंतर तो मान हलवून गळा मोकळा करायचा. "पेट्रोल घ्यायची की डिझेल, ते सगळं रनिंगवर असतं काका."

"रनिंग कसलं," बाबा म्हणाले. बाबांचं रंगाचं दुकान आहे. "घर ते दुकान, दुकान ते घर. जाताजाता या पोरीला कामावर सोडायचं. कधी बाजार, कधी कुणाचं लग्न."

"मग डोळे झाकून पेट्रोल घ्या."

"डोळे झाकून नको हो," आई म्हणाली. "हे आधीच चष्मा विसरून गाडी चालवतात."

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती समोर मांडलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर, दार उघडं टाकून बसली होती आणि अंगठ्यानं शिवण दाबून बघत होती. माझी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहते. गाड्यांची सीट कव्हरं शिवते. ती काम करते त्या दुकानात तिला मास्तरीणबाई म्हणतात, आणि चिडवायचं असलं की बाबाही तेच म्हणतात.

"काय मास्तरीणबाई, पास का शिवण?"

"दोन उन्हाळ्यांत उसवेल," आत्या म्हणाली. "दोरा हलका आहे." मग तिनं मान वर केली. "आणि माझं रनिंग कुठं धरलंस?"

"तुझं कसलं रनिंग, ताई? तू चालत जातेस कामाला."

"रविवारचं."

बाबांच्या चेहऱ्यावर डब्याचं झाकण बसावं तसं काहीतरी घट्ट बसलं. "इथं नको," ते हळूच म्हणाले.

टायवाल्याला काय कळणार. त्याला वाटलं, गिऱ्हाइकाला खुलवावं. "कुठं जायचं असतं काकू रविवारी?"

"टेकडीपलीकडे. वरच्या दवाखान्यात."

"कोण असतं तिथं?"

"बहीण," आत्या म्हणाली, आणि अंगठा आधी स्वतःकडे, मग बाबांकडे केला. "आमची."

हा शब्द चारचौघांत उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरात ती 'ती' होती. आत्या रविवारी तिच्याकडे जायची त्याला आमच्याकडे 'बाहेर जाणं' म्हणत. आत्या कुठं गेली? बाहेर गेली. मला खूप उशिरापर्यंत वाटायचं, बाहेर नावाचं एखादं गाव असेल.

टायवाल्यानं मान हलवली, गळा मोकळा केला. माणूस मात्र प्रामाणिक निघाला. "महिन्यातून एखादी चक्कर असेल तरी मी पेट्रोलच सांगेन काकू. डिझेलचं एक दुखणं आहे. नव्या गाड्यांत धूर अडवायला एक जाळी असते. गाडी नुसती गल्लीबोळांतून फिरवली तर त्या जाळीत काजळी साठते. मग आठवड्यातून एकदा तरी तिला लांब पिटाळावी लागते. इंजिन चांगलं तापलं की काजळी जळून जाते."

"आणि नाही पिटाळली तर?"

"तर समोर दिवा लागतो. तरी लक्ष दिलं नाही तर गाडी हटून बसते. जोरच धरत नाही. फार लोक येतात रडत."

आत्या गाडीतून उतरली. पदर सारखा केला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"परत सांगा."

त्यानं परत सांगितलं.

"म्हणजे आठवड्यातून एकदा न्यावीच लागते."

"लागतेच."

"घरात कुणाला कंटाळा आला तरी?"

"गाडीला काय काकू, कुणाचा कंटाळा कळत नाही."

"कुणाला लाज वाटली तरी?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे.

"मग डिझेल," आत्या म्हणाली.

---

आत्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं आत्याच म्हणते. सकाळी दुकानात जाते, रेक्झिन कापते, मशिनवर टीप मारते, संध्याकाळी परत येते. शहरातल्या निम्म्या गाड्यांत माणसं तिच्या शिवणीवर बसलेली आहेत. तिची स्वतःची बैठक मात्र कायम बसमधली. खिडकीजवळची, चाकावरची. चाकावरची सीट कुणाला नको असते, म्हणून ती नेहमी मोकळी मिळायची.

धाकटी आत्या तिच्यापेक्षा बरीच लहान. तिला आईसारखं वाढवलं ते आत्यानंच. धाकटीचं डोकं कधी आणि कशानं फिरलं याच्या आमच्या घरात वेगवेगळ्या कथा आहेत आणि त्या कुणीच पूर्ण सांगत नाही. तिची एक खोड मला माहीत होती. दोरा दिसला की ओढायचा. चादर, पडदा, स्वतःची बाही, सिस्टरच्या गणवेशाची कड. टोक सापडलं की ती तासन्‌तास ओढत बसते आणि कापड उसवून मोकळं होतं. तिकडच्या सिस्टर त्रासून जायच्या. आत्या दर रविवारी सुई घेऊन जायची. एक बहीण आठवडाभर उसवायची, दुसरी रविवारी बसून शिवायची, दोघींचं छान चाललं होतं.

मग तुमचा कागद लागला.

आत्या गप्प बसली नाही. दवाखान्याच्या चादरी न्यायला टेम्पो येतो त्याच्या पुढच्या सीटवर बसून ती दोनदा वर गेली. तिसऱ्या वेळी टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, वरून ताकीद आलीय. माणूस बसवला तर काम जाईल माझं." तिनं फोन लावून पाहिला. धाकटी फोन कानाला धरते, ऐकते, बोलत नाही. आत्या इकडून बोलत राहायची, आणि पलीकडे नुसता श्वास.

आणि आमचे बाबा? बाबा म्हणाले, "आता बसच नाही म्हटल्यावर काय करणार?" म्हणाले ते दुःखानंच. पण त्या दुःखाखाली त्यांचे खांदे सैल झालेले मी बघितले. तुम्ही दिलेलं निमित्त ते हेच.

---

शोरूममधून घरी येईपर्यंत बाबा बोलले नाहीत. दार लावलं आणि सुरू झाले.

"डिझेल कशाला? महाग गाडी, जास्त आवाज, आणि वर ती जाळी! माणूस गाडी घेतो सोयीसाठी. ही आपल्यालाच कामाला लावणार!"

"लावू दे," आत्या म्हणाली. ती पायपुसण्यावर उभी राहून चपलांचा पट्टा सोडत होती.

"दहा वर्षांनी डिझेल गाडी रस्त्यावर आणू देणार नाहीत म्हणतात. भंगारात घालावी लागेल."

"दहा वर्षं चालेल ना? बास. तोवर मीही भंगारातच निघेन. दोघींना एकदम काढा, खेप वाचेल."

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय?"

गाडीत निम्मा वाटा आत्याचा होता. तो तिनं बोलून दाखवला नाही, आणि बाबांनाही तो विसरता येत नव्हता. म्हणून त्यांनी दुसरीकडून हात घातला.

"तिला आपण ओळखूही येत नाही ताई."

"आपल्याला ती येते ना ओळखू?"

बाबा खुर्चीत बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मागं मी तुझ्याबरोबर आलो होतो ना, तू सिस्टरशी बोलायला गेलीस तेव्हा धाकटीनं मला विचारलं, तुम्ही कुणाला भेटायला आलात? काय सांगायचं मी? मी म्हटलं, कुणाला नाही. भिंतींना रंग द्यायचाय, तो बघायला आलोय."

बाबांनी काच पुन्हा एकदा पुसली.

"मग ती म्हणाली, पिवळा देऊ नका, डोळ्याला लागतो." बाबांनी चष्मा घातला. "मी माझ्या बहिणीला रंग विकून आलो. परत कुठल्या तोंडानं जाऊ?"

"त्याच तोंडानं," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "दुसरं कुठून आणणार? माझ्यानं आता टेकडी चालत चढवत नाही. नाहीतर तुला विचारलंही नसतं. मला गाडी नको, तू हवायस. पण तू स्वतःहून येणार नाहीस, आणि मी दर रविवारी तुझ्यापुढं हात जोडणार नाही. म्हणून मला अशी गाडी पाहिजे, जी तुला ओढून नेईल."

आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात होती. ती अशा भांडणात कधी पडत नाही. त्या दिवशी पडली, पण आपल्या पद्धतीनं.

"मला बाई चढावर मागं घरंगळणारी गाडी नको," ती म्हणाली. "डिझेलला जोर असतो म्हणतात."

"कोण म्हणतं?" बाबा ओरडले.

"मी म्हणते."

---

डिझेल आली. करड्या रंगाची. रंग बाबांनी निवडला. तेवढा तरी मान राखायला हवा होता.

कव्हरं आत्यानं घरीच शिवली. तीन सीटना तिनं नेहमीची दुहेरी टीप मारली, कडेला गोट लावला. मागच्या डाव्या सीटला मात्र एकही टीप वरून दिसत नव्हती. सगळ्या शिवणी आत, दुमडून, त्यावर पट्टी चिकटवलेली. कापडाच्या एका तुकड्यातून ती सीट जन्माला आल्यासारखी दिसत होती. हे करायला तिला बाकी तिन्हींपेक्षा जास्त वेळ लागला.

"ही एकच अशी का?" मी विचारलं.

"तिच्या बोटाला दोरा लागता कामा नये," आत्या म्हणाली. "हात शांत राहिला की ती खिडकीबाहेर बघेल."

पण बाबांनाही आत्याच्याच आईनं जन्म दिलेला. हट्टात कमी कसे पडतील? पहिल्या रविवारी दुकानात माल उतरवायचा होता. दुसऱ्या रविवारी टायर नवीन होते, घाटात घालायला नकोत. तिसऱ्या रविवारी कंबर धरली. आत्या दर रविवारी सकाळी तयार होऊन, सुईदोऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसायची. बाबा खाली आले नाहीत की उतरून वर यायची. भांडली नाही. मला म्हणाली, "भांडायचं काम आता गाडी करेल."

आणि गाडीनं केलं. एका सकाळी बाबा मला कामावर सोडत होते, तेव्हा समोर पिवळा दिवा लागला.

"हे काय आता?" बाबा म्हणाले.

"पिवळा," मी म्हटलं. "डोळ्याला लागतो."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की उरलेला रस्ता मी तोंड उघडलं नाही.

दोन दिवस त्यांनी दिव्यावर दुकानातला टेप चिकटवून गाडी चालवली. खरं सांगते, टेप. रंगारी लोक कडा झाकायला वापरतात तो. मग गाडी चढ घेईना. गॅरेजवाल्यानं टेप सोलून काढला आणि बाबांच्या हातात दिला. "काका, गाडीला काही झालेलं नाही. तिला लांब फिरवून आणा. दुसरा इलाज नाही. फार दिवस टाळलंत वाटतं?"

घरी आत्यानं नुसतं विचारलं, "आलं का बोलावणं?"

रविवारी बाबा खाली आले. आत्या मागे उजवीकडे, मी पुढे, आणि डावी सीट रिकामी. शहर संपतं तिथं दोन रस्ते फुटतात. एक सपाट, रुंद, कुठंही न वळता जाणारा. दुसरा टेकडीचा. त्या फाट्यावरच तुमचा बसथांबा आहे. छप्पर आहे, बाक आहे, कागदही आहे अजून.

बाबांनी सपाट रस्ता धरला.

मी मागे वळून पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती, पिशवी मांडीवर घट्ट. गाडी पळत होती. कारखाने गेले, वीटभट्ट्या गेल्या, मोकळी रानं लागली. कुणी रेडिओही लावला नाही. बऱ्याच वेळानं समोरचा दिवा विझला. बाबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, गाडी बाजूला घेतली.

"झालं काम," ते म्हणाले.

"गाडीचं झालं," आत्या म्हणाली. "आपलं राहिलं."

बाबा स्टेअरिंग धरून बसून राहिले. मागून एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला आणि आमची गाडी हलली. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि गाडी वळवली. फाट्यापर्यंत परत आले. थांब्याजवळून जाताना त्यांनी त्या कागदाकडे बघितलं, आणि चढाला गाडी घातली. गाडीनं जोर धरला. आईचं म्हणणं खरं होतं, डिझेलला असतो.

---

वरच्या इमारतीच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. उन्हाला बसली असतील, असं मला वाटलं. सगळी एका ओळीत, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. धाकटी आत्या दुसऱ्या पायरीवर होती. केस कापलेले, बाही उसवलेली. आत्या तिच्याशेजारी जाऊन बसली आणि पहिलं काम तिनं बाहीत सुई घालायचं केलं. धाकटीनं आपणच हात पुढं केला. बहुतेक त्यांचं ठरलेलं होतं.

धाकटीकडे बघत सिस्टर मला म्हणाल्या, "दर रविवारी बसतात ह्या असंच. बसची वेळ झाली की. आम्ही सांगून थकलो, बस बंद झाली म्हणून. त्या म्हणतात, बंद पडली असेल, दुरुस्त करतायत."

"सगळेच?"

"ह्यांनी म्हटलं, मग बाकीच्यांनाही पटलं." सिस्टरनी पलीकडे बोट केलं. "त्या निळ्या स्वेटरवाल्या आजी. त्यांचा नवरा यायचा, पिशवीभर संत्री घेऊन. आजी ती सगळ्यांना वाटायच्या. त्या म्हाताऱ्याकडे कुठली गाडी असायला?"

आत्यानं धाकटीला हात धरून गाडीपाशी आणलं. आवाराबाहेर न्यायची परवानगी नव्हती, गाडीत बसवायची होती. धाकटी डाव्या सीटवर बसली. तिची बोटं लगेच कामाला लागली. कडेनं फिरली, कोपऱ्यात गेली, सीटच्या फटीत शिरली, परत वर आली. टोक सापडेना. तिनं पुन्हा एकदा सगळं चाचपलं. मग हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आत्या तिच्या हातांकडे बघत होती. आत्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मला सांगता येत नाही. चांगली शिवण जमली की शिवणाऱ्याला होतं तसलं ते होतं, आणि वेगळंही होतं.

खिडकीबाहेर बाबा उभे होते. हात खिशात. धाकटीनं त्यांना नीट न्याहाळलं. काच खाली होती.

"रंगवाले," ती म्हणाली.

बाबा दचकले. मग जवळ आले, वाकले. "हो."

"पिवळा नाही दिलात. बरं केलंत."

"नाही दिला," बाबा म्हणाले.

धाकटीनं पायऱ्यांकडे बघितलं. निळ्या स्वेटरवाल्या आजी, त्यांच्या पलीकडची माणसं, सगळी तशीच रस्त्याकडे तोंडं करून. मग तिनं बाबांना हळूच, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

"बस दुरुस्त झाली का हो?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं माझ्याकडे. तिघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही, कारण ते आमच्याकडे नव्हतंच. ते तुमच्याकडे आहे.

आमच्याकडे गाडी आली. रविवार आला की जावंच लागतं, गाडी ऐकत नाही, आणि आता बाबा आत्याच्या आधी खाली जाऊन बसतात. आमचं निमित्त आम्ही मोडलं. तुमचं अजून थांब्यावर चिकटलेलं आहे. प्रवासी मिळत नाहीत, लिहिलंत. चाकावरच्या सीटवर दर रविवारी सुईदोरा घेऊन बसायची ती कोण होती? संत्र्यांची पिशवी घेऊन चढायचा तो म्हातारा कोण होता? ते प्रवासी नव्हते, तर मग प्रवासी तुम्ही कुणाला म्हणता?

येत्या रविवारी आम्ही परत वर जाणार आहोत. पायऱ्यांवर सगळी बसलेली असतील. ती पुन्हा विचारणार. तिला काय सांगू, ते मला लिहून कळवा. आणि या वेळी खालची सही वाचता येईल अशी करा.